खुर्ची घेण्याआधी टेबल मोजा

ऑफिसात एकाच दिवशी, एकाच टेम्पोतून, एकाच मॉडेलच्या पन्नास नव्या खुर्च्या येतात. महिनाभरानं तिथे चक्कर मारून पाहा. एकानं पाठीला घरून आणलेली उशी बांधलेली असते. दुसरी पुढच्या कडेवर, पाय आत दुमडून बसलेली असते आणि तिच्या पाठीला खुर्चीची पाठ दिवसभरात एकदाही लागत नाही. तिसऱ्यानं वर मांडी घातली आहे. चौथा मात्र मागे रेलून, खुशीत काम करतो आहे आणि "एवढी मस्त खुर्ची आहे, लोक तक्रार कसली करतात?" असं विचारतो आहे.

खुर्ची तीच, काम तेच, तासही तेवढेच. मग फरक कुठे पडतो? वयाला आणि वजनाला दोष दिला जातो, आणि "तुला नीट बसताच येत नाही" हे तर ठरलेलंच. पण त्या चौघांची उंची विचारली तर बहुतेक वेळा कोड्याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

बसल्यावर कमरेत काय होतं

उभं असताना पाठीचा कणा सरळ नसतो. कमरेपाशी तो आत, पोटाच्या बाजूला वळलेला असतो. हा बाक जन्मभर आपलं वजन पेलतो. कण्याची सगळी रचना कमरेखालच्या हाडांच्या कड्यावर उभी असते. डॉक्टर त्याला पेल्व्हिस म्हणतात. एकावर एक मडकी रचून केलेली उतरंड डोळ्यांपुढे आणा. तळाचं मडकं जरा मागे कललं तर वरची सगळी मडकी सावरून घ्यावी लागतात, नाहीतर उतरंड ढासळते. पेल्व्हिस हे तळाचं मडकं. बसताना ते मागे कलतं, आणि मग कमरेचा बाक सपाट होतो, खांदे पुढे येतात, मान आणखी पुढे जाते.

ते कलतं का? खुर्चीत बसताना मांडी आणि धड यांच्यात काटकोन होतो, पण हा सगळा काटकोन खुब्याच्या सांध्यात होत नाही. सांधा साधारण 60 अंश वाकतो आणि उरलेले 30 पेल्व्हिस मागे फिरून भरून काढतं. त्यात मांडीच्या मागच्या स्नायूंची भर पडते. हे स्नायू बसण्याच्या हाडांपासून निघून गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. बुडाखाली तळवे ठेवून बसलं तर जी दोन टोकं टोचतात, ती ही हाडं. आता टेबलाखाली पाय सरळ लांब केले, की हे स्नायू ताणले जातात, त्या हाडांना पुढे ओढतात आणि पेल्व्हिस आणखी मागे कलतं. टेबलाखाली पाय पसरून बसणारा माणूस थोड्याच वेळात खुर्चीत घसरलेला दिसतो तो यामुळे. त्यात आळसाचा भाग कमी असतो.

अमेरिकेतल्या नेब्रास्काचे डॉ. कीगन यांनी लोकांना कुशीवर झोपवून, वेगवेगळ्या कोनांत पाय दुमडायला लावून कमरेचे एक्स-रे काढले आणि 1953 साली त्यावर शोधनिबंध लिहिला. मांडी आणि धड यांच्यात सुमारे 135 अंशांचा कोन असतो तेव्हा पुढच्या-मागच्या स्नायूंची ओढ सारखी होते आणि कमरेचा बाक आपल्या नैसर्गिक जागी राहतो, असं त्यांना दिसलं. 135 अंशांत बसून टायपिंग करणं अवघड आहे, पण दिशा कळते. शाळेत शिकवलेला "पाठ ताठ, सगळीकडे काटकोन" हा नमुना शिस्तीचा आहे, आरामाचा नाही. खुर्चीची पाठ 100 ते 110 अंशांपर्यंत मागे कललेली असेल आणि कमरेच्या बाकात काहीतरी टेकत असेल, तर पाठीचं काम हलकं होतं.

मणक्यांमध्ये सुई घालून घेतलेली मापं

हे किती हलकं होतं ते मोजायचं कसं? 1960च्या दशकात स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाचेमसन यांनी थेट माणसांच्या कमरेच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. दोन मणक्यांमधली गादी म्हणजे ही चकती, आपण बोलताना तिला डिस्क म्हणतो. त्यांचे आकडे पुढे जगभरच्या पुस्तकांत छापले गेले: उभं राहिल्यावरचा दाब 100 धरला तर आडवं पडल्यावर 25, टेका न घेता बसल्यावर 140, आणि बसून पुढे वाकल्यावर 185. "बसणं हे उभं राहण्यापेक्षा वाईट" या समजाचं मूळ बरंचसं इथे आहे.

गोष्ट इथे संपत नाही. जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या डिस्कमध्ये छोटा संवेदक बसवून जवळजवळ 24 तास दाबाच्या नोंदी घेतल्या. हे काम 1999 साली प्रसिद्ध झालं. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 0.1 मेगापास्कल असतो, त्या हिशेबानं हे आकडे वाचा. उभं असताना 0.5, टेका न घेता सैल बसल्यावर 0.46, आणि खुर्चीत घसरून, पाठ मागे टेकून बसल्यावर फक्त 0.27. म्हणजे ज्या बसण्याबद्दल आई ओरडायची, त्यात डिस्कवरचा दाब या तिन्हींत सगळ्यांत कमी भरला! कारण सरळ आहे: धडाचं वजन खुर्चीच्या पाठीनं उचललं. पुढे वाकून बसल्यावर तोच दाब 0.83 झाला.

एका माणसावरच्या नोंदींतून जगासाठी नियम काढू नये. शिवाय घसरून बसल्यावर डिस्क सुटते, पण कमरेमागचे अस्थिबंध ताणलेले राहतात, त्यामुळे थोड्या वेळानं तिथेही दुखतं. मात्र एका मुद्द्यावर दोन्ही प्रयोग जुळतात. पुढे वाकणं महाग पडतं आणि मागे टेकणं स्वस्त.

विल्के यांच्या नोंदींतला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा आकडा रात्रीचा आहे. आडवं पडल्यावर दाब 0.1 होता, तो सात तासांच्या झोपेत हळूहळू 0.24 वर गेला. मोठ्या माणसाच्या डिस्कमध्ये रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिला पोषण मिळतं ते शेजारच्या हाडांतून झिरपणाऱ्या द्रवातून. वजन पडलं की पाणी बाहेर जातं, वजन उतरलं की परत आत येतं. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. तासन्‌तास एकाच स्थितीत बसलं तर ही ये-जा मंदावते. खुर्ची कितीही भारी असली तरी तिच्यात पुतळ्यासारखं बसून चालत नाही ते याचसाठी, आणि बसल्या जागी हलू देणारी खुर्ची जास्त किमतीची का ठरते तेही इथूनच कळतं.

आधी पाय, मग बाकी सगळं

आता उंचीकडे येऊ. खरी गडबड इथे आहे.

पाच फूट उंचीच्या, म्हणजे 152 सेंटिमीटरच्या बाईंचं उदाहरण घेऊ. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतचं अंतर उंचीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढं असतं, म्हणजे त्यांचं 38. चपलेचे दोन धरले तर 40. त्यांच्या खुर्चीची बैठक 40 सेंटिमीटरवर हवी. बाजारातल्या कित्येक खुर्च्यांची सर्वांत खालची उंची 42 ते 45 असते, त्याखाली त्या येतच नाहीत. मग पाय अर्धवट लोंबकळतात, बैठकीची कड मांडीच्या खालच्या मऊ भागात रुतते, पायाला मुंग्या येतात. यावर शरीर स्वतःच उपाय काढतं: कडेवर सरकणं, किंवा पाय वर घेऊन मांडी घालणं. आपल्याकडे खुर्चीत मांडी घालण्याला "सवय" म्हणून सोडून देतात. माझ्या मते निदान निम्म्या वेळा ती सवय नसते, उंच खुर्चीविरुद्धची तक्रार असते.

हे झालं खुर्चीचं. टेबल तर याहून हट्टी असतं, कारण ते वर-खाली होतच नाही. घरातली आणि ऑफिसातली टेबलं बहुधा 75 सेंटिमीटरच्या आसपास असतात. टाइप करताना खांदे सैल, कोपर अंगालगत आणि हात जवळजवळ आडवे असावे लागतात, म्हणजे कीबोर्ड कोपराच्या उंचीला हवा. बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत त्या बाईंचे 21 सेंटिमीटर भरतात. 40 अधिक 21, म्हणजे 61. टेबल 75 वर. 14 सेंटिमीटरची ही तफावत कुणीतरी सोसायची असते. खुर्ची वर घेतली तर पाय सोसतात, खाली घेतली तर खांदे. पाच फूट दहा इंचाच्या पुरुषाचा हिशेब केला तरी उत्तर 71च्या आसपास येतं. म्हणजे आपली टेबलं उंच माणसांनाही किंचित उंच आहेत, बुटक्यांची तर बातच सोडा.

2020 साली लॉकडाउनमध्ये लाखो लोकांनी जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटलं आणि पुढच्या महिन्यांत मान-खांद्याच्या दुखण्यानं हैराण झाले. त्या वेळी सगळा राग जेवणाच्या लाकडी खुर्चीवर निघाला. अर्धा गुन्हेगार टेबल होतं, त्याला कुणी काही बोललं नाही.

भारतीय शरीरांची मापं कुणी घेतलीच नाहीत असंही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय देहमापांचं पुस्तक 1997 सालीच निघालं आहे. ती मापं पुस्तकात आहेत, पण दुकानातली खुर्ची अनेकदा परदेशी साच्यातूनच निघते.

उपाय मात्र घरगुती आहेत. लाकडी टेबल असेल तर सुतार त्याचे पाय कापून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. कापायचं नसेल तर टेबलाखाली सरकणारी कीबोर्डची फळी लावावी, कीबोर्ड आठ-दहा सेंटिमीटर खाली येतो. तेही जमत नसेल तर खुर्ची टेबलाच्या हिशेबानं वर घ्यावी आणि पायाखाली पाट ठेवावा. पाट कमी पडला तर चौरंग. पूजेच्या चौरंगावर पाय ठेवायला मन धजत नसेल तर दोन विटांवर एक फळी, काम तेच होतं.

> चौकट: दुकानात जाण्याआधी घरी घ्यायची मापं
>
> रोजच्या चपला घालून बसा. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत मोजा: ही तुमच्या बैठकीची उंची.
>
> पाठ भिंतीला टेकवून बसा. भिंतीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत मोजा आणि त्यातून पाच सेंटिमीटर वजा करा: ही बैठकीची जास्तीत जास्त खोली.
>
> बसल्या जागी कोपर काटकोनात दुमडून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा: ही कीबोर्डची उंची. टेबल याहून उंच असेल तर जो फरक येईल, तेवढीच पायाखालच्या पाटाची उंची.
>
> दुकानात खुर्चीची सर्वांत खालची उंची स्वतः टेपनं मोजा. माणूस बसल्यावर ती दोन-तीन सेंटिमीटर दबते, ते धरून चाला.

बैठक किती खोल, किती मऊ

खोली हा दुसरा फसवा आकडा. ऐसपैस, खोल बैठक दुकानात छान वाटते. पण गुडघ्याची मागची घडी आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटं मावली नाहीत, तर पाठ मागे टेकवताच कड पोटरीला टोचते. मग माणूस पुढे सरकतो आणि कमरेच्या आधारासाठी मोजलेले पैसे वाया जातात, कारण त्या आधाराला कंबर कधी लागतच नाही. बैठक पुढे-मागे सरकवण्याची सोय असेल तर तिच्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. घरात एकच खुर्ची उंच मुलगा आणि ठेंगणी आई दोघंही वापरणार असतील तर नक्कीच. अमेरिकेत 1994 साली बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी घडवलेली एरॉन ही जाळीची खुर्ची जगभर गाजली. तिच्यातली मला आवडणारी गोष्ट जाळी नव्हे, तर ती तीन मापांत मिळते ही आहे. चपलांना नंबर असतात, खुर्चीला नसावेत याचं खरं तर आश्चर्य वाटायला हवं.

कमरेचा आधार पट्ट्याच्या किंचित वर, बाकाच्या खोलगट भागात यायला हवा. खुर्चीतला आधार वर-खाली होत नसेल तर टॉवेलची गुंडाळी चालते. आणि मागच्या खिशातलं पाकीट बसण्याआधी काढून ठेवावं. जाडजूड पाकिटावर बसलं की पेल्व्हिस एका बाजूनं उचललं जातं आणि उतरंड तिरकी होते.

मऊपणाबद्दल दुकानात नेहमी "40 डेन्सिटीचा फोम आहे" असं ऐकवतात. हा आकडा एका घनमीटर फोमचं वजन किलोमध्ये सांगतो. फोम किती टिकेल याचा अंदाज त्यावरून येतो. तो किती कडक आहे हे मात्र त्यातून कळत नाही, त्यासाठी बसूनच पाहावं लागतं, आणि तेही दोन मिनिटं नव्हे. अतिमऊ फोममध्ये बसण्याची हाडं रुतून तळाच्या फळीला लागतात आणि पेल्व्हिस हवं तसं मागे लोळतं. पाठीला जाळी चांगली. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रेक्झिनची पाठ म्हणजे घामाला आमंत्रण. बैठकही जाळीची घ्यायची असेल तर ती ताणलेली आणि भक्कम हवी. स्वस्त जाळी वर्ष-दोन वर्षांत मध्ये सैल पडते आणि चौकटीची कड मांडीला लागायला लागते.

खालची यंत्रणा

दुकानात जिला "हायड्रॉलिक" म्हणतात त्या नळीत तेलाचं काम नाममात्र असतं. खरं काम करतो तो दाबून भरलेला नायट्रोजन वायू. आतला दट्ट्या नळीचे दोन कप्पे करतो. बैठकीखालचा दांडा ओढला की एक झडप उघडते आणि वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो. दट्ट्याच्या एका बाजूला दांडी असल्यामुळे तिकडे वायूला ढकलायला जागा कमी मिळते, म्हणून एकूण जोर खुर्ची वर उचलण्याच्या दिशेनं लागतो. तुम्ही बसलेले असाल तर तुमचं वजन त्या जोरावर मात करतं आणि खुर्ची खाली जाते. अंग जरा उचललं की ती वर येते. दांडा सोडला की झडप बंद, वायू जिथल्या तिथे कोंडला जातो. बसताना जो हलका हिसका मऊ होतो, तो वायू दबल्यामुळे. खुर्ची आपोआप हळूहळू खाली बसू लागली तर समजावं की आतली सीलं गेली. नळी बदलून मिळते. ती उघडण्याचा किंवा तापवण्याचा उद्योग घरी अजिबात करू नये, आत दाब बराच असतो.

फिरत्या खुर्चीला पाय पाचच का, हा प्रश्न मुलं विचारतात. खुर्ची कलंडते ती दोन शेजारच्या पायांच्या मधून. मध्यापासून पायाच्या टोकापर्यंत 32 सेंटिमीटर असतील तर चार पायांच्या खुर्चीत ही मधली कड मध्यापासून साडेबावीस सेंटिमीटरवर येते, पाच पायांच्या खुर्चीत सव्वीसच्या जवळ. सुमारे सव्वातीन सेंटिमीटरच्या या फरकामुळे मागे रेलणारा माणूस वाचतो. सहा पाय केले तर अजून थोडा फायदा होतो, पण मग आपलीच पावलं त्यात अडकतात.

मागे रेलण्याच्या यंत्रणेत मात्र खरा फरक असतो. साध्या खुर्चीत बैठक आणि पाठ एकत्र, मधल्या बिंदूवर कलतात, त्यामुळे मागे रेललं की बैठकीची पुढची कड वर येते आणि पाय जमिनीवरून सुटतात. सिंक्रो-टिल्ट नावाच्या यंत्रणेत पाठ दोन अंश मागे गेली तर बैठक साधारण एकच अंश कलते. पाय जमिनीवर राहतात, मांडी-धडाचा कोन मोकळा होतो. कीगन यांच्या 135च्या दिशेनं एक पाऊल म्हणा हवं तर. बैठकीखाली जो मोठा गोल नॉब असतो तो स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करतो. पन्नास किलोच्या माणसाला स्प्रिंग फार कडक वाटली तर खुर्ची मागे जातच नाही, आणि तो ती "बिघडलेली" समजून कायमची कुलूपबंद करतो. नॉब सैल करा, कुलूप उघडं ठेवा. फोनवर बोलताना मागे, टाइप करताना पुढे, अशी खुर्ची दिवसभर हलती राहायला हवी.

हात आणि डोळे

एका हाताचं वजन शरीराच्या साधारण पाच टक्के. साठ किलोच्या माणसाचे दोन हात मिळून सहा किलो, आणि ते दिवसभर खांदे तोलतात. हातांना आधार म्हणूनच हवा. पण खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला आपटत असतील तर खुर्ची आत जात नाही आणि माणूस पुढे वाकतो. त्यापेक्षा हात नसलेली खुर्ची परवडली. ते खाली होतात का, टेबलाखाली जातात का, एवढं पाहिलं तरी पुरे. "4डी आर्मरेस्ट", म्हणजे चार प्रकारे हलणारे हात, ही जाहिरातीची भाषा आहे, बाकीच्या दिशांचा उपयोग थोड्यांनाच होतो.

आणि लॅपटॉप. लॅपटॉपचा पडदा खाली असतो, त्यामुळे डोळे खाली, डोळ्यांमागे मान, मानेमागे पाठ अशी सगळी फौज पुढे झुकते आणि लाखाची खुर्चीही रिकामीच मागे उभी राहते. लॅपटॉप उंच करून वेगळा कीबोर्ड आणि माउस लावणं हा खुर्चीपेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे. चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह चष्मा लागलेल्यांचं उलट असतं. ते काचेच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करतात, त्यांना पडदा थोडा खालीच हवा.

गेमिंगची, जुनी, आणि चाकं

तरुण मुलांना गेमिंगची खुर्ची हवी असते. तिच्या बैठकीच्या दोन्ही बाजूंना उभारलेल्या कडा शर्यतीच्या गाडीतून आल्या आहेत. तिथे वळणावर चालक बाजूला फेकला जाऊ नये म्हणून त्यांची गरज असते. पुण्यातल्या वन बीएचकेमध्ये वळणं येत नाहीत. त्या कडा फक्त मांड्या जवळ दाबतात आणि मांडी घालायचा मार्ग बंद करतात.

चाकांकडे कुणी बघत नाही. कडक नायलॉनची चाकं गालिच्यासाठी असतात. आपल्याकडे फरशी, त्यावर ती घसरतात, आवाज करतात आणि चरे पाडतात. रबराची किंवा पीयूची (पॉलियुरेथेनची) मऊ चाकं वेगळी मिळतात आणि हातानं ओढून बदलता येतात.

बजेट कमी असेल तर नव्या स्वस्त खुर्चीपेक्षा बंद झालेल्या ऑफिसातली चांगली जुनी खुर्ची घ्यावी असं माझं मत आहे. मुंबई-पुण्यात असं फर्निचर विकणारे बरेच आहेत. गॅसची नळी, चाकं, फोम हे सगळं बदलता येतं. यंत्रणा आणि चौकट मजबूत आहे का ते तेवढं पाहावं. पूर्ण वर घेऊन दहा मिनिटं बसा, खाली उतरते का पाहा. मागे रेलून कुरकुर ऐका. मग खुर्ची उलटी करा आणि पाचही पाय जिथे मधल्या नळीला मिळतात तिथे बोट फिरवा. तिथे केसाएवढीही चीर लागली तर ती खुर्ची फुकट मिळाली तरी घेऊ नका.